तीन कळ्यांचा आवाज

मला मालवणात खोली मिळाली ती माझ्या वजनामुळे. शिक्षण, घराणं, पगार यांतलं काही घरमालकांनी विचारलं नाही. देवबागच्या वाटेवर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या त्या घराच्या अंगणात मी वळकटी घेऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, माझी ट्रंक एका हाताने उचलून बघितली आणि म्हणाले, "बरे आसात. डाव्या अंगाक रवा."

याचा अर्थ मला काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवायला वाढताना सांगितला. घराच्या उजव्या अंगाला भाताची कणगी होती आणि डावी खोली रिकामी. त्यामुळे घर उजवीकडे कलतं आहे, असा मालकांचा ग्रह होता. आधीचा भाडेकरू पोस्टातला कारकून होता, स्वभावाने चांगला, पण अंगाने किरकोळ. त्याला जावं लागलं. मी कोल्हापूरकडचा, दूधदुभत्यावर वाढलेला. हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू व्हायला फोंडाघाट उतरून आलो आणि आल्या दिवशी नीरम झालो. रिकामं गलबत डुलू नये म्हणून तळाला जे दगडवाळूचं ओझं भरतात त्याला नीरम म्हणतात, हेही काकींनीच सांगितलं. मी सुट्टीत गावी निघालो की मालक माझ्या खोलीत दोन चिरे आणून ठेवत. परत आलो की चिरे बाहेर, मास्तर आत.

त्यांचं सगळं आयुष्य गलबतावर गेलं होतं. मालवणहून मुंबईला, उलट अंगाला कालिकतला, कौलं, नारळ, सुकी मासळी, जे मिळेल ते भरून जायचं. ते तांडेल होते, म्हणजे गलबताचे कप्तान. पुढे मालाला मोटारी मिळू लागल्या, गलबताच्या मालकाने गलबत मोडीत काढलं आणि तांडेल घरी आले. घरी आले असं आपलं म्हणायचं. त्यांनी घरच गलबत केलं. पुढची पडवी म्हणजे नाळ, मागचं स्वयंपाकघर म्हणजे वरामत. श्रावणात वारा सुटला की ते ओट्याचा खांब दोरखंडाने बाहेरच्या माडाला बांधत. घर वाहून जाईल अशी त्यांना भीती होती का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, घर नाही जाणार, माड जाईल, म्हणून घराला बांधला.

माणूस वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कोणी वेडा म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. त्यांचं तर्कशास्त्र चोख होतं, फक्त ते जिथून सुरू व्हायचं ती जागा आपल्या ओळखीची नसायची.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे कान. मालवणच्या बंदरासमोर पाण्याखाली खडकांची रांगच्या रांग आहे. धुक्यात, अंधारात दिसत काही नाही. तेव्हा तांडेल कान देऊन उभा राहतो. लाट खडकावर कशी फुटते, रेतीवर कशी फुटते, त्यावरून सुकाणू फिरवायचं. आमच्या मालकांनी उभ्या जन्मात गलबताला एक ओरखडा येऊ दिला नव्हता. "डोळो फसता, कान फसणा नाय," हे त्यांचं ब्रीद. नारळ घेताना सगळेच वाजवून घेतात, हे भोपळा, माठ, लाकडाची फळी, सगळं वाजवून घेत. माझ्यासाठी स्थळाचा फोटो आला तेव्हा त्यांनी तोही बोटाने टिचकी मारून पाहिला आणि नापसंत केला.

तर अशा घरात रेडिओ होता. वीज मालवणच्या बाजारात नुकती कुठे कुठे दिसू लागली होती, आमच्या वाडीत तिचं नावही नव्हतं. त्यामुळे रेडिओ बॅटरीवरचा, आणि ती बॅटरी चांगली विटेएवढी, दर काही महिन्यांनी बाजारातल्या शेटांच्या दुकानातून आणायची. एरियलची तार दोन माडांच्या शेंड्यांमध्ये ताणलेली. नारळ पाडायला आलेला पाडेली तिच्यात हटकून अडकायचा आणि वरूनच मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सबंध वाडीत हा एकच रेडिओ. संध्याकाळी बातम्या झाल्या की मच्छीमारांसाठी हवामान सांगत. ते ऐकायला मालक पडवीत आरामखुर्चीत बसत. सांगून झालं की उठून कुंपणापाशी जात. तिथे रापणीचं मोठं जाळं ओढणारे गाबीत मच्छीमार आधीच येऊन थांबलेले असत. मालक एक हात कमरेवर ठेवून, गलबतावरून किनाऱ्याला हाळी द्यावी तशा आवाजात सांगत, उद्या दर्या कसा, वारा कुठला, होड्या घालायच्या की नाही. ते म्हणतील तसं होई. गलबत गेलं, खलाशी गेले, पण एवढी तांडेलकी त्यांच्याकडे राहिली होती. दिवसभर ते या घटकेची वाट बघत, हे कोणालाही दिसत होतं.

एकदा पावसाळा संपता संपता रेडिओने सांगितलं की समुद्र खवळलेला राहील, होड्यांनी बाहेर जाऊ नये. मी माझ्या खोलीत ऐकलं, काकींनी वरामतीत ऐकलं. मालक कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, दर्या तेलासारखा आहे, खुशाल जा. काकी हातातला डाव तसाच घेऊन धावत बाहेर आल्या. "ओ, जाव नकात. नको म्हणून सांगल्यान थंय."

गाबितांनी एकदा तांडेलाकडे पाहिलं, एकदा डावाकडे. दुसऱ्या दिवशी कोणी गेलं नाही आणि समुद्र खरोखरच उसळला. त्याबद्दल कोणी मालकांना चकार शब्द बोललं नाही. तेच त्यांना लागलं. शिव्या दिल्या असत्या तर ते सुखाने झोपले असते.

तिथून घरात दोन पक्ष झाले. काकींचं म्हणणं, कान गेले. मालकांचं म्हणणं, रेडिओ पुटपुटतो, कारण शेटांनी जुनी, मेलेली बॅटरी गळ्यात बांधली. हे ते घरात म्हणाले असते तर निभावलं असतं, ते बाजारात भर चौकात म्हणाले. शेट म्हणजे टॉर्च, बॅटऱ्या आणि छत्र्या विकणारा देवभोळा माणूस. त्यांचे वडील याच दुकानात बसले, आजे बसले, आणि शिळा माल विकल्याचा आळ कोणी घेतला नव्हता. ते दुकानाची पायरी उतरून खाली आले आणि म्हणाले, सिद्ध करून दाखवा. मालकांनी तिथेच शपथ घेतली. "माझे कान गेलेले ठरले तर मी परत कुंपणार उभो रवचंय नाय."

ही शपथ घरी कळली तेव्हा काकींचा चेहरा उतरला. मला वाटलं, त्या नवऱ्याच्या फजितीला घाबरल्या. तेवढंच नव्हतं, पण ते मला पुढे कळलं.

आता रेडिओ खरोखर हळू बोलतो की नाही, हे ठरवायचं कसं? आवाज मोजायचं यंत्र असतं, असं मी सहज बोललो. बोललो आणि फसलो. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या पुतण्याला पत्र गेलं. पुतण्या गुणी, त्याने कुठल्याशा दुकानातून विलायती मालाचं चित्रांचं पुस्तक पाठवलं. त्यात ते यंत्र होतं, एक पेटी आणि वर घड्याळासारखा काटा. किंमत मी वाचली. काकींनी मला ती पुन्हा वाचायला लावली. तेवढ्यात नवी होडी आली असती, जाळ्यासकट.

मालक मात्र किमतीने खचले नाहीत. चित्रावर टिचकी मारून त्यांनी विचारलं, हा काटा कोण हलवतो? मी म्हटलं, आवाज. ते म्हणाले, मग आवाजाने हलणारं दुसरं काहीही चालेल, विलायतेचंच कशाला पाहिजे? यात चूक काढून दाखवा. मी विज्ञान शिकवत होतो, मला निघाली नाही.

मग परवडणाऱ्या यंत्राचा शोध सुरू झाला. आधी रेडिओसमोर समई ठेवली. ज्योत हलली, पण ती समुद्रावरच्या वाऱ्यानेही हलत होती आणि काकींच्या पदरानेही. दारंखिडक्या बंद केल्यावर धुराने आम्ही हललो. मग सुपात तांदूळ पसरून सूप रेडिओवर ठेवलं. दाणे छान नाचले, कडेला सरकले. किती सरकले ते मोजायला मालक वाकले तोवर कोंबड्यांनी मोजमाप खाऊन टाकलं. मग शेजारचा कुत्रा आणला. रेडिओवर गाणं लागलं की तो रडायचा, म्हणून त्याच्यावर फार आशा होती. पण तो फक्त आलापीला रडायचा. भजनाला शेपटी हलवायचा आणि बातम्यांना झोपायचा. मालकांनी त्याला सन्मानाने परत पाठवलं. ते म्हणाले, जनावर हुशार आहे, पण त्याला आवडनिवड आहे, यंत्राला आवडनिवड असून चालत नाही. कित्येक परीक्षकांना लागू पडेल असं वाक्य मी त्या घरात फुकट ऐकलं.

खरं यंत्र सापडलं देवळात.

आमच्याकडे घाटावर अडलं-नडलं तर ज्योतिषाकडे जातात, कोकणात देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या फुलांचे कळे चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि देवाला प्रश्न घालतो. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. त्या दिवशी गाबितांना नवी रापण कुठल्या दिवशी पाण्यात घालावी हे विचारायचं होतं. सगळे हात जोडून उभे, बाहेर कोणीतरी ढोलावर थाप मारली आणि उजवा कळा टपकन खाली आला. लोकांनी मान डोलावली. आमचे मालक पुढे झाले आणि म्हणाले, "हो कळो देवान पाडूक नाय. ढोलान पाडलो."

देवळात असं कोणी बोलत नाही. मानकऱ्यांनी डोळे वटारले, गुरवाचा हात तसाच हवेत राहिला. मालकांनी आणखी एकदा ढोल वाजवायला सांगितला, तर डावाही पडला. म्हणजे देवाने एकाच प्रश्नाला हो आणि नाही दोन्ही सांगितलं. मोठा गोंधळ झाला. मानकऱ्यांनी मालकांना देवापुढे नारळ ठेवून माफी मागायला लावली. त्यांनी ती मनापासून मागितली आणि मागून झाल्यावर गुरवाला विचारलं की देव दोन दिवस घरी नेता येईल का. काम झाल्यावर जसाच्या तसा परत आणून देईन, म्हणाले.

देव मिळाला नाही. म्हणून मग दगडांची निवड सुरू झाली, आणि ती त्यांनी सोनार सोनं पारखतो तशी केली. जांभ्या चिऱ्याला भोकं फार, कळा त्यात बसला की सुकेपर्यंत हलायचा नाही. समुद्रातला गोटा गुळगुळीत, कळा लावला की आवाजाआधीच घसरायचा. काळा, टाकी लावलेला, ना फार खरखरीत ना फार गुळगुळीत असा एकच दगड घरात होता. तो काकींचा मसाला वाटायचा पाटा.

पाटा घासून पडवीत आला आणि रेडिओसमोर उभा राहिला. त्याला मालक यंत्र म्हणू लागले. एका ओळीत कळे लावायचे, आवाज करायचा आणि किती पडले ते मोजायचे. आधी माप ठरवायला हवं म्हणून त्यांनी स्वतः हाळी दिली, गलबतावरून देत तशी. तीन कळे पडले. तीन कळे म्हणजे पुरा आवाज, असं ठरलं. काकींची हाक दोन कळे. मी वर्गात ओरडतो तसं ओरडून दाखवलं तर एकही पडला नाही. मालक म्हणाले, "मास्तरानू, पोरा शिकतत तरी कशी?"

हे माप वाडीत साथीसारखं पसरलं. बायका विहिरीवर एकमेकींच्या सासवा कळ्यांत मोजू लागल्या. बाजारात मासे विकणारी एक बाई पाच कळ्यांची आहे अशी वदंता होती. शाळेत मुलांनी हेडमास्तरांना अडीच कळे दिले, अर्धा कळा कसा पडतो ते मुलांनाच ठाऊक.

घरात मात्र हाल होते. पाट्याशिवाय नारळ वाटता येत नाही, आणि नारळाच्या वाटपाशिवाय मालवणी घरात आमटी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. काकी शेजारणीकडे वाटण वाटायला जात, तिथे ऐकावं लागे ते ऐकत आणि येऊन आम्हाला वाढत. तेही चाललं असतं. पण एके दिवशी पाट्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलेलं दिसलं.

दगड, त्यावर कळे, समोर हात जोडून बसलेला म्हातारा, लोकांनी यातून काय समजायचं? एका बाईने येऊन म्हैस कधी विणार हे विचारलं. तेवढ्यात रेडिओवर बँड वाजला, उजवा कळा पडला आणि चार दिवसांत म्हैस व्याली. मग रांग लागली. माझ्याच शाळेतल्या एका मुलाच्या आजीने तो पास होणार का हे पाट्याला विचारलं, मी शेजारी बसलेलो असताना. पाट्याने नापास केलं. नंतर मीही नापासच केलं, पण नाव पाट्याचं झालं. मालक प्रत्येकाला समजावत की हा देव नाही, यंत्र आहे, आणि लोक जाताना यंत्रासमोर सुपारी ठेवून जात. काकींना आता पाटा परत घ्यायचीही सोय उरली नाही. कुंकू लागलेल्या दगडावर मिरच्या कोण वाटणार?

शेवटी शेटांनीच तगादा लावला. त्यांच्या दुकानात येणारं माणूस बॅटरी हातात घेऊन कानाला लावून बघू लागलं होतं. त्यांनी निरोप धाडला की त्याच खेपेतली कोरी बॅटरी घेऊन येतो, सोक्षमोक्ष लावून टाकू. रेडिओने तीन कळे पाडले तर माझा माल खरा. मात्र तांडेलांनी पाट्याजवळ बसायचं नाही, ते फुंकर घालतील. त्यांनी कुंपणापाशी समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आणि रेडिओ ऐकू आला की हात वर करायचा. म्हणजे बॅटरी आणि कान, दोन्हींचा न्याय एकदम होईल. मालकांनी मान्य केलं. पूर्वी त्या कुंपणापाशी उभं राहून ते खाडीपलीकडचं कुत्रं ओळखायचे.

उन्हं कलल्यावर आम्ही घरचे आणि शेट जमलो; तमाशा नको म्हणून वाडीला बोलावलं नव्हतं. कळे लावायला देवळातला गुरव आला, कारण दुसऱ्या कोणाचा हात शेटांना मान्य नव्हता. त्याने पाटा धुतला, रेडिओच्या अगदी तोंडाशी उभा केला आणि तीन कळे लावले. मग सवयीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आज ह्या रेडिओचो आणि ह्या तांडेलाच्या कानांचो जो काय वाद पडलो आसा, तेचो खरो निवाडो कर रे महाराजा." अंगणातल्या शेटांनी आणि मीसुद्धा, "व्हय महाराजा" म्हटलं. मालक कुंपणापाशी पाठमोरे उभे राहिले, धोतर खोचून, मान ताठ. काकी वरामतीच्या दारात होत्या.

शेटांनी नवी बॅटरी जोडली आणि मी खुंटी पूर्ण पिळली.

कुठल्याशा नाट्यगीताची तान इतक्या जोरात निघाली की माडावरचे कावळे उडाले. एक कळा पडला, दुसरा पडला, तिसराही पडला. शेजारचा तो कुत्रा रडू लागला. शेटांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. मी कुंपणाकडे पाहिलं. मालकांचा हात खालीच होता.

आम्ही वाट पाहिली. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता, असं मी मनात म्हटलं. पण वारा नव्हताच. कुंपणापलीकडून जाणारी एक बाई डोक्यावरची टोपली सावरत थांबून गाणं ऐकू लागली. आणि मग मालक वळून न बघता, मोठ्याने, जरा वैतागून म्हणाले, "मास्तरानू, लावा रे आता. किती वेळ उभो रवू?"

मी रेडिओ बंद केला. माझ्याने दुसरं काही झालं नाही. इतके महिने मी या प्रकाराला हसत होतो, घरी पत्रं लिहून हसवत होतो, आणि आता त्या ताठ पाठीकडे बघवत नव्हतं.

काकी दारातून पुढे आल्या. कान गेले, कान गेले म्हणून महिनोन्‌महिने भांडत आलेली ही बाई. त्यांचाच पक्ष जिंकला होता. त्यांनी खाली पडलेले तिन्ही कळे उचलले, तांब्यातल्या पाण्यात बुडवले आणि अंगठ्याने दाबून दाबून पाट्यावर परत लावले. मग गुरवाकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पडूक नाय."

गुरव अडचणीत आला. निवाडा खोटा सांगायचा नाही, हा त्याचा पिढीजात धर्म. त्याने पाट्याकडे पाहिलं. कळे तर दगडावरच होते. "नाय," तो म्हणाला. "दगडार आसत."

राहिले शेट. बुडणार त्यांची अब्रू होती. त्यांची नजर कुंपणाकडे गेली. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "गोदामात वल लागली आसतली. माल बदलून देतंय." उतरताना ते माझ्या कानाशी एवढंच म्हणाले की हे बाजारात सांगू नका, म्हणजे तीन कळे पडल्याचं. शिळ्या मालाचं सांगितलं तरी चालेल. असा दुकानदार मी पुन्हा पाहिला नाही.

काकींनी कुंपणापाशी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले. कळे बघून त्यांनी मान हलवली. शेटांना उदार मनाने माफ केलं आणि जाताना एक शहाळं दिलं.

पण गलबत अजून पाण्यात होतं. तांडेलकी वाचली, पण हवामान कोण ऐकणार? खोटं बोलून मालकांचा मान राहिला असता आणि चार होड्या बुडाल्या असत्या. काकींनी याचा विचार आधीच केलेला होता. त्यांनी जाहीर केलं की हा रेडिओ बिघडलेलाच आहे, तो समोरून नीट ऐकू येत नाही, मागून येतो. म्हणून त्याचं तोंड वरामतीकडे फिरवलं. संध्याकाळी त्या पडवीतच आडाळ्यावर नारळ खवायला बसत आणि रेडिओ जे सांगेल ते त्याच्यावर करवादत मोठमोठ्याने म्हणत. मेल्याला दुसरं काम नाही, म्हणे वायव्येकडून वारा, म्हणे होड्या घालू नका, घालू नका तर खाणार काय, असं. ते त्या मालकांना सांगत नसत. नारळाला सांगत. मालक शेजारी तंबाखू मळत बसलेले असत. काकींचं करवादणं संपलं की ते उठत, कुंपणापाशी जात आणि एक हात कमरेवर ठेवून हाळी देत. एकही चूक होत नसे. गाबीत म्हणत, शेटांनी बॅटरी बदलली ते बरं झालं.

मालकांना हे कळत होतं की नाही, याचा मला पत्ता लागला नाही. कधी वाटे, कळतं. कधी ते रेडिओची पाठ थोपटून म्हणत, आता कसा खणखणीत बोलतो, आणि मला वाटे, नाही कळत. विचारायची माझी छाती नव्हती.

पुढच्या हंगामात काकींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, खारेपाटणला. त्या दोन दिवसांसाठी गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या की संध्याकाळी पुस्तक वाचत असल्यासारखं करून जरा मोठ्याने बोला. मी तयारीत होतो. हवामान लागलं, नेमकं वादळाचं. मी पुस्तक उघडून घसा खाकरला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, हाताने थांबा अशी खूण केली आणि उठून कुंपणापाशी गेले. मी घाबरून मागोमाग धावलो.

गाबीत उभे होते. मालकांनी कमरेवर हात ठेवला नाही. ते साध्या आवाजात म्हणाले, "माका आयकाक येणा नाय. मास्तर सांगतले, तेंचा आयका. जीवाचो प्रश्न आसा."

मी सांगितलं. वादळ आहे, जाऊ नका. गाबितांनी ऐकलं. त्यांतला सगळ्यांत म्हातारा "बरां, तांडेलानू" म्हणाला, मला नव्हे, त्यांना, आणि ते सगळे आपल्या वाटेने गेले. आम्ही दोघे कुंपणापाशी उभे राहिलो. मालक बोलू लागले. गुरव कळा लावतो तो देठ वर धरून, म्हणाले. त्या दिवशी पाट्यावर तिन्ही देठ खाली होते.

मग माझ्या दंडाला धरून ते मला जवळ ओढून घेत म्हणाले, "हिका सांगू नकात हां. तिका वाटता, माका ठावक नाय."

तिसऱ्या दिवशी काकी लग्नाहून परत आल्या. दोन दिवस कसे गेले म्हणून त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, छान गेले. संध्याकाळी त्या आडाळ्यावर बसल्या आणि समुद्र शांत आहे म्हणे, असं नारळाला रागे भरून सांगितलं. मालक शेवटचा शब्द होईपर्यंत तंबाखू मळत राहिले. मग उठले, रेडिओची खुंटी बंद केली आणि कमरेवर हात ठेवून कुंपणाकडे गेले.